गोळी चुकू नये म्हणून संगणक

काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एक बाई ताप आणि खोकला घेऊन आल्या. त्या एचआयव्हीबाधित आहेत हे घरात फक्त त्यांच्या सासूबाईंना ठाऊक आहे. सरकारी एआरटी केंद्रातून त्यांना गोळ्या मिळतात. "गोळ्या चालू आहेत ना?" असे विचारताच त्यांनी मान खाली घातली. दिराचे लग्न होते, घरात पंधरा दिवस पाहुण्यांचा राबता. "एवढ्या माणसांत गोळी कुठं घेऊ, डॉक्टर? कशाची म्हणून कुणी विचारलं तर काय सांगू?"

वाचकहो, त्या बाई गोळी विसरल्या नव्हत्या. पुढचे वाचताना एवढे ध्यानात असू द्या.

आपल्या देशात 2004 सालापासून ही औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. पूर्वी मूठभर गोळ्या घ्याव्या लागत. आता बहुतेक प्रौढ रुग्णांना दिवसातून एकच गोळी पुरते, तिच्यातच तीन औषधे असतात. या औषधांनी विषाणू शरीरातून निघून जात नाही, दबून राहतो. गोळ्या वरचेवर चुकल्या की रक्तातले औषध कमी पडते, विषाणू पुन्हा वाढतो आणि त्यातले औषधाला दाद न देणारे तेवढे टिकून राहतात. मग तीच गोळी कितीही नेमाने घेतली तरी तिचा गुण येईनासा होतो. याउलट गोळी नियमित घेऊन रक्ततपासणीत विषाणू सापडेनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मात्र गोळी जन्मभर घ्यायची. ब्लडप्रेशरची साधी गोळी आपल्यापैकी किती जण न चुकता घेतात, हे कधी मला विचारा!

म्हणून संगणकाची मदत घ्यावी असे डॉक्टरांना वाटू लागले. यातला गाजलेला प्रयोग आफ्रिकेतील केनिया देशातला. तेथे 2007 ते 2008 या काळात तीन दवाखान्यांतील 538 रुग्ण प्रयोगात घेतले गेले. निम्म्यांना नेहमीचे उपचार, उरलेल्यांना त्याशिवाय आठवड्यातून एकदा मोबाइलवर संदेश. संदेश काय, तर एकच स्वाहिली शब्द, "मांबो?" म्हणजे "काय, कसं काय?" रुग्णाने दोन दिवसांत "सावा" (ठीक) किंवा "शिदा" (अडचण) असे कळवायचे. अडचण कळवणाऱ्याला आणि गप्प राहणाऱ्याला दवाखान्यातून फोन जाई. वर्षअखेर संदेश मिळणाऱ्यांपैकी 62 टक्के रुग्ण गोळ्या जवळजवळ न चुकता घेत होते, इतरांपैकी 50 टक्के. रक्तातील विषाणू दबलेले अनुक्रमे 57 आणि 48 टक्के. त्या वेळी नर्सच मोबाइलवरून संदेश पाठवीत. पुढे या कामाचा संगणक प्रोग्राम तयार झाला आणि कॅनडातील व्हँकूव्हरच्या एका दवाखान्यातही वापरला गेला.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट सांगतो. त्या संदेशात गोळीचे नाव नाही, आजाराचे नाव नाही. घरातल्या कुणी वाचला तरी बिघडत नाही. केनियातच झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात आठवड्याच्या संदेशाचा फायदा झाला, रोजच्या संदेशाचा मात्र विशेष झाला नाही. रोज तीच घंटा वाजली की माणूस ती ऐकेनासा होतो, असे मला वाटते.

आता दुसरी बाजू. दक्षिण भारतातील तीन दवाखान्यांत 631 रुग्णांवर असाच प्रयोग झाला, निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले. संगणक दर आठवड्याला आपोआप फोन करी, शिवाय एक चित्रसंदेश जाई. सुमारे दोन वर्षांनी पाहिले, तर फोन येणारे आणि न येणारे यांच्या उपचारांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. या दवाखान्यांत समुपदेशन सर्वांनाच मिळत होते, त्यावर यंत्राच्या फोनने फारशी भर पडली नसावी. संगणक मोजदाद उत्तम करतो. शंभरातले कोणते चार गप्प आहेत हे तो क्षणात काढून देईल. पण लग्नघरातली अडचण सोडवायला माणूसच लागतो.

आपल्या भागात एकच मोबाइल घरातले चौघे वापरतात. म्हणून असा संदेश किंवा फोन येणार असेल, तर कोणत्या नंबरवर, किती वाजता आणि कोणत्या शब्दांत यावा हे रुग्णाने समुपदेशकाला आधीच सांगावे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन 2017 च्या कायद्याने घातले आहे, तेव्हा मागायला संकोच नको. गोळी चुकली तर त्या दिवशी आठवल्याबरोबर घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. जास्त दिवस खंड पडला तर शरमेने घरी बसू नये, केंद्रात जाऊन सरळ सांगावे. शंका असल्यास 1097 हा मोफत क्रमांक आहे.

त्या बाईंना मी लगेच केंद्रात पाठवले. क्षयाची तपासणीही करायला लावली, सुदैवाने त्यात काही निघाले नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. समुपदेशक ताईंनी त्यांच्या मोबाइलवर रात्री नऊचा गजर लावून दिला आणि त्याला नाव दिले, "पाण्याची मोटार". गजर वाजला की बाई मोटार बघायला म्हणून मागच्या दारी जातात. गोळी तिथेच, तांब्यामागच्या डबीत असते.