रोलरवरून रस्त्यावर : धूर मोजण्याची पन्नास वर्षं

गाडी किती इंधन जाळते आणि किती धूर सोडते हे ठरवण्यासाठी अमेरिकेने १९७२च्या मॉडेलांपासून एक ठरावीक फेरी लावून दिली. लॉस एंजेलिसच्या रहदारीवरून बेतलेली ही फेरी १३७२ सेकंदांची. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवायची आणि चालकाने समोरच्या आलेखाबरहुकूम वेग राखायचा. युरोपची चाचणी याहून सौम्य. शून्यावरून ताशी ५० किलोमीटर गाठायला तिथे चक्क २६ सेकंद मिळत. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने ऐंशीच्या दशकात भारतीय चक्र तयार केलं. त्यातला कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर.

शहराच्या धुराचं गणितही तेव्हा सरासरी वेगावरच चाले. मेख इथेच होती. सिग्नल सुटल्यावरची मुसंडी सरासरीत दिसत नाही आणि इंधन तर तिथेच भसाभस जळतं.

एमआयटीत होजे हिमेनेझ यांनी १९९९च्या प्रबंधात यावर नेमकी तोड काढली. वेग, वेगवाढ, चढ, चाकांचं घर्षण, हवेचा विरोध हे सगळं धरून टनामागे किती शक्ती लागते, ते सेकंदागणिक मोजायचं. सपाट रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटरच्या स्थिर वेगाला टनामागे साधारण १.६ किलोवॉट पुरतात. त्याच वेगाला असताना सेकंदाला ताशी ३.६ किलोमीटरने वेग वाढवू लागलं, की आकडा साडेबारावर जातो. काटा तिथेच, मागणी जवळपास आठपट!

याच सूत्रावरून शहराच्या धुराचा अंदाज बांधणाऱ्या आयव्हीई या संगणकीय मॉडेलसाठी २००३ साली पुण्यात पाहणी झाली. वाहनांत जीपीएस ठेवून वेग सेकंदागणिक टिपला गेला, रस्त्याकडेच्या कॅमेऱ्यांनी वाहनं मोजली. पुढे २०१०मध्ये अमेरिकेच्या सरकारी मॉडेलनेही हीच वाट धरली.

गाड्यांची कायदेशीर चाचणी मात्र रोलरवरच होत राहिली आणि २०१५मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीला आलं. चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर डिझेल गाड्यांत सापडलं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत निघत होते. मग मोजणीचं यंत्रच गाडीवर बसवून ती खऱ्या रहदारीत चालवण्याची सक्ती आली. युरोपात २०१७पासून, भारतात एप्रिल २०२३पासून.

कायदा गाडीपर्यंत पोचला, रस्त्यापर्यंत अजून नाही. प्रत्येक स्पीडब्रेकरवर गती ब्रेकमध्ये वाया जाते आणि पुढे ती इंधन जाळून पुन्हा कमवावी लागते. सुरक्षेसाठी जो गतिरोधक हवा तो हवाच. पण सिग्नलच्या वेळा आणि चौकांची रचना ठरवताना महापालिकांनी हा सेकंदागणिक हिशोब मांडलाच पाहिजे. सूत्र हाताशी आहे, जीपीएस खिशाखिशात आहे. चुकीच्या रचनेचा धूर चौकातल्या माणसांच्या छातीत जातो, म्हणून आता दिरंगाईला सबब नाही.