संगणकावरची गावकी की स्वतंत्र वसाहत?

नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या देशातील हजारो लोकांनी ट्विटरवरचे बिऱ्हाड उचलले आणि मॅस्टोडॉन नावाच्या, तोवर इकडे फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या ठिकाणी नेले. निमित्ते दोन होती. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने ऑक्टोबरात बंद केले. जर्मनीत १९३६ साली भर गर्दीत हिटलरी सलाम न ठोकता हाताची घडी घालून उभ्या राहिलेल्या ऑगस्ट लांडमेसरचे छायाचित्र त्यांनी आपल्या खात्यावर लावले होते, तेथून हे प्रकरण सुरू झाले. हेगडे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्याच सुमारास पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर बंधने आली आणि दलित-बहुजन तरुणांनी सरळ प्रश्न टाकला : ती निळी खूण कुणाच्या नावापुढे लागते, आणि आमच्याच नावापुढे का लागत नाही? (मंडल पुढे कोणत्या वाटेने गेले तो वेगळा विषय. प्रश्न खरा होता.) त्याआधी वर्षभर, नोव्हेंबर २०१८ मध्ये, ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी ब्राह्मणी पितृसत्तेविरुद्धचा फलक हातात धरलेले छायाचित्र गाजले होते. उच्चवर्णीयांनी गदारोळ करताच कंपनीने अंग काढून घेतले. तेव्हा अपेक्षा ठेवण्यासारखे काही उरलेच नव्हते.

आता हे मॅस्टोडॉन म्हणजे काय? ऑयगेन रोख्को या जर्मनीतील तरुणाने २०१६ साली ही प्रणाली तयार करून सर्वांना मोफत खुली केली. ती कुणीही आपल्या सर्व्हरवर बसवावी आणि शे-दोनशे माणसांची वस्ती उभी करावी. याहूच्या ईमेलवरून जीमेलला पत्र जाते तसा एका वस्तीतला माणूस दुसऱ्या वस्तीतल्या माणसाशी बोलतो. या दळणवळणाची सामाईक भाषा, ॲक्टिव्हिटीपब, जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने अधिकृत केली. छायाचित्रांसाठी पिक्सेलफेड आणि वाचलेल्या पुस्तकांसाठी बुकवर्म हेही त्याच कुळातले. जाहिराती नाहीत. आपण ज्यांना जोडून घेतले त्यांचे लिखाण ज्या क्रमाने लिहिले गेले त्याच क्रमाने समोर येते.

२०१९ ला तिकडे गेलेले बहुतेक जण काही आठवड्यांत परत फिरले. आमचे मत असे की, जे घोषणा द्यायला गेले त्यांना तेथे टाळ्या मिळाल्या नाहीत, म्हणून ते परतले. टिकली ती छंदवाली माणसे. त्यांच्या वस्त्यांत शनिवारी मांजरांची छायाचित्रे लावतात, शुक्रवारी खिडक्यांची, आणि रविवारी एकही शब्द न लिहिता नुसते एक चित्र. कुणी भाकरीचे पीठ कसे फुगले ते सांगतो, कुणी विणलेला मोजा दाखवतो, कुणी हौशी रेडिओवरून कुठल्या देशाशी बोलणे झाले ते कळवतो. आंधळ्या वाचकाला कळावे म्हणून चित्राखाली त्याचे वर्णन लिहिण्याची चांगली चाल तेथे रूढ आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर मॅस्टोडॉनवर महिन्याला वावरणारी माणसे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेली. ओसरही नंतर आला. पण वस्त्या राहिल्या.

यात आपल्या समाजाचे काय, असे वाचक विचारतील. आमच्या मते पुष्कळ आहे. दलित माणूस बोलला तर अत्याचारावर बोलावा, लिहिला तर वेदनेवर लिहावा, हा संकेत प्रस्थापितांनी पाडला आणि आपणही तो निमूट पाळत आलो. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर सोडून त्यांना आपली आठवण होते ती फक्त कुठे तरी घर जळाल्यावर. आपला पोरगा गुलाबाचे कलम करतो, आपली बहीण जुनी नाणी जमवते, कुणी रात्री गच्चीवरून गुरूचे चंद्र पाहतो, हे दिसते कुठे? स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, कुत्र्यांवर त्यांचा जीव होता. त्यांनी ते कुणापासून लपवले नाही. मोठ्या कंपन्यांच्या चावडीवर राग वेगाने पसरतो, कारण रागावर जाहिरात चालते. कलम केलेला गुलाब तेथे पडून राहतो.

मात्र या वस्त्यांचे कौतुक करणारे पंडित त्यांना हमखास 'गाव' म्हणतात, तेव्हा आमचे कान टवकारतात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी ग्रामव्यवस्थेच्या भक्तांना काय सुनावले ते या पानाच्या वाचकाला सांगायला नको. लहान असणे म्हणजे समान असणे नव्हे. सर्व्हर चालवणारा हा त्या वस्तीचा पाटील. कुणाला ठेवायचे, कुणाला काढायचे, सारे त्याच्या हाती. २०२२ मध्ये आलेल्या अनेक कृष्णवर्णीयांना तेथील गोऱ्या रहिवाशांनी सुनावले, की वर्णभेदावर लिहिताना आधी इशाऱ्याचा पडदा टाका, आम्हाला त्रास होतो! म्हणजे मारणाऱ्याची तक्रार नाही, ओरडणाऱ्याची आहे. कृष्णवर्णीयांनी उभारलेली 'प्ले विशस' ही वस्ती छळापायी २०२० साली बंद झाली. गावकी ती गावकीच, मग ती बर्लिनची असो.

तरीही एक फरक आहे आणि तो लहान नाही. या गावातून उठता येते, आणि उठताना आपल्याला जोडलेली माणसे नव्या वस्तीत सोबत नेता येतात. (जुने लिखाण मात्र मागेच राहते.) दुसरे असे, की शिवीगाळ करणाऱ्या अख्ख्या वस्तीशी दळणवळण तोडता येते. जुलै २०१९ मध्ये 'गॅब' हा अमेरिकेतील उजव्या अतिरेक्यांचा अड्डा याच प्रणालीवर आला, तेव्हा असंख्य वस्त्यांनी त्याच्याकडे जाणारा रस्ताच बंद केला. पिढ्यान्पिढ्या आपल्यावर बहिष्कार पडला. येथे बहिष्काराची किल्ली शिवी खाणाऱ्याच्याही हाती येऊ शकते. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेने स्वतंत्र गावांची मागणी केली होती. सरकारने ती जमीन दिली नाही. सर्व्हरवरची जमीन मात्र कुणाकडे मागावी लागत नाही, आणि वस्ती स्वतंत्र असूनही जगाशी बोलणे तुटत नाही.

आमचा व्यवसाय वकिलीचा, म्हणून थोडे कायद्याचे. २०२१ च्या नियमांतील वाढीव बंधने ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत सदस्यांच्या कंपन्यांना आहेत. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खालचे मध्यस्थाचे कर्तव्य दोनशे माणसांच्या वस्तीलाही चुकत नाही. तक्रार कुणाकडे करायची, त्याचे नाव-पत्ता पानावर हवा. सर्व्हरचे भाडे दरमहा लागते, त्यासाठी विहाराच्या दानपेटीसारखी पावती-वही ठेवावी. आणि रात्री अकराला कुणी घाण टाकली तर ती पुसायला जागा असलेला माणूस लागतो. ही जबाबदारी एकावर टाकू नये, तिघांनी पाळी लावावी. नाहीतर त्यातूनही पाटीलच निपजेल.

जातीवरून शिवी आली तर पुसण्याआधी पडद्याचे चित्र, तारीख, वेळ आणि पूर्ण पत्ता जपून ठेवावा. समाजमाध्यमावरून केलेला अपमान, पीडित व्यक्ती प्रत्यक्ष समोर नसतानाही, अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येतो, असे केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये म्हटले आहे. परक्या देशातला सर्व्हर उद्या बंद पडला तर पुरावाही त्याच्यासोबत जाईल, आणि फौजदार साहेब विचारतील, कागद कुठाय?