हाक कोणत्या भाषेत मारायची?

हाक आल्याखेरीज ओ देऊ नये, हा शिष्टाचार आता यंत्रांनाही शिकविण्यात आला आहे. अ‍ॅमेझॉनने २०१४ मध्ये आणलेले ‘इको’ हे उपकरण ‘अलेक्सा’ एवढा शब्द कानी पडताच सावध होते. कल्पना मात्र जुनीच. १९२० च्या दशकातील ‘रेडिओ रेक्स’ हे खेळण्यातले कुत्रे ‘रेक्स’ अशी हाक ऐकून घरातून उडी घेत असे. त्यातील एकाराच्या कंपनांनी स्प्रिंग सुटे, इतकेच. शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता.

आजचे यंत्रही हाकेचा केवळ ध्वनीच ओळखते. असंख्य माणसांच्या उच्चारांचे नमुने देऊन त्याला तयार केलेले असते. नुकत्याच ऐकलेल्या ध्वनीचे साम्य ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की ते जागे होते. ही मर्यादा सैल ठेवली, तर भलत्याच शब्दाने जागे होऊन ते घरातले खासगी बोलणे दूरच्या संगणकाकडे धाडते. कडक ठेवली, तर बोलावूनही उठत नाही. ज्यांच्या उच्चारांचे नमुने थोडे, त्यांच्या वाट्याला हा दुसरा दोष अधिक येतो.

शब्दाची निवडही सोपी नाही. तो पुरेसा लांब आणि रोजच्या बोलण्यात क्वचित येणारा हवा. ‘अहो’, ‘अगं’ या आपल्या हाका येथे कुचकामी. मराठी घरात यंत्राला क्षणभरही झोप मिळणार नाही! तथापि मार्ग निघतो. अ‍ॅपलच्या सहायकाला फ्रेंच माणूस ‘दी सिरी’, तर स्पॅनिश माणूस ‘ओये सिरी’ म्हणून बोलावतो. गूगलचा सहायक २०१८ मध्ये मराठी बोलू लागला. त्याला उठविण्यासाठी मात्र ‘ओके गूगल’च म्हणावे लागले.

हा केवळ भाषाभिमानाचा प्रश्न नव्हे. ज्याला दिसत नाही, ज्याचे हात थरथरतात किंवा ज्याला लिहिता येत नाही, त्याच्यासाठी हाक हेच यंत्राचे दार आहे. ते परक्या उच्चारानेच उघडत असेल, तर आतल्या मराठीचा त्याला काय उपयोग?

उपाय अगदीच हाताबाहेरचा नाही. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमातील ‘भाषादान’ आणि मोझिलाचा ‘कॉमन व्हॉइस’ यांना मराठी आवाज देता येतात. पुण्यामुंबईबरोबर मालवण, मेळघाट, चंदगड येथील वृद्धांचे, स्त्रियांचे, मुलांचे आवाजही तेथे पोहोचले पाहिजेत. शाळा-महाविद्यालयांनी मनावर घेतल्यास हे काम अवघड नाही. यंत्राने आपल्या हाकेला ओ द्यावी असे वाटत असेल, तर आधी आपला आवाज त्याच्या कानी घालावा लागेल.