पिसवांचा हिशेब : घर, जनावर आणि गोदाम एकाच दिवशी साफ करा

या पानावर आपण सुताचे भाव, उधारी आणि बाजाराची तेजी-मंदी यांची चर्चा नेहमी करतो. आज मोहरीच्या दाण्याएवढ्या एका जिवाविषयी चार कामाच्या गोष्टी मांडायच्या आहेत. तो जीव म्हणजे पिसू. हा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही बांधव विचारतील. त्यांनी आपल्या कारखान्यात किंवा गोदामात रात्री झोपणाऱ्या कारागिराला विचारावे. जो माणूस रात्रभर पाय खाजवत बसतो, त्याचे लक्ष सकाळी मागावर लागत नाही. दुकानात गिऱ्हाइकाच्या पायाला पिसू चावली, तर माल कितीही चांगला असो, ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही आणि चार जणांना सांगते ते वेगळेच.

पिसवा झाल्या की आपल्याकडे बहुधा दोनच उपाय होतात. अंगाला काहीतरी चोळायचे, नाहीतर मांजर घराबाहेर काढायची. दोन्हींनी पिसवा जात नाहीत. त्याचे कारण समजून घेतले तर पैसा आणि मेहनत दोन्ही वाचतात.

आधी ओळख पटवा

ढेकूण चपटा असतो, उडी मारत नाही आणि खाटेच्या फटीत लपतो. ऊ डोक्याच्या केसांत किंवा अंगावरच्या कपड्याच्या शिवणीत राहते. पिसू गडद तपकिरी, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी, बिनपंखी आणि उड्या मारणारी. तिचे चावे बहुधा घोट्याभोवती आणि पोटऱ्यांवर दिसतात.

शंका असेल तर पांढरे मोजे घालून खोलीत थोडा वेळ फिरा. पिसवा असतील तर मोज्यांवर उडालेल्या लगेच दिसतील. जनावराच्या अंगावरून बारीक फणी फिरवा आणि निघालेले काळे कण पांढऱ्या लठ्ठ्याच्या ओल्या तुकड्यावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा समजा, कारण त्यात रक्त असते. डाग पडला नाही तर ती साधी धूळ.

मुद्दल फरशीत असते

व्यापारी भाषेत सांगायचे तर जनावरावर दिसणारी पिसू हे फक्त व्याज आहे. मुद्दल फरशीच्या फटीत, गोधडीखाली आणि कोपऱ्यातल्या चिंधीत पडलेले असते. ढोबळ हिशेबाने शंभरांत पाचच मोठ्या पिसवा असतात. बाकी सारी अंडी, अळ्या आणि कोष. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते. ती अंडी चिकट नसतात. मांजर जिथे झोपते, जिथे अंग झाडते, तिथे ती गळून पडतात. अळी उजेड टाळते आणि धुळीत पडलेल्या पिसवांच्या विष्ठेवर जगते. तिला ओलावा लागतो. म्हणून दमट खोलीत ती फोफावते, तर कडक ऊन आणि कोरड्या हवेत मरते.

सर्वांत चिवट अवस्था कोषाची. कोषावर धूळ चिकटलेली असते आणि फवाऱ्याचे औषध आत पोहोचत नाही. कोषातली पिसू महिनोन् महिने थांबू शकते. माणसाच्या पावलांचा हादरा, शरीराची ऊब आणि श्वास जाणवला की ती बाहेर पडते. सुट्टीत गावी जाऊन आल्यावर बंद घराचे किंवा बंद गोदामाचे दार उघडताच पिसवा तुटून पडतात, त्याची हकीकत हीच आहे.

इलाज तिन्हीकडे, एकाच दिवशी

माणूस : आपल्याकडच्या साध्या पिसवा माणसाच्या अंगावर वस्ती करत नाहीत, चावून निघून जातात. अंघोळ करून कपडे बदलावेत. चाव्यावर थंड पाण्याची पट्टी किंवा कॅलामाइन लावावे. नखाने खाजवू नये, कारण जखम पिकते. अंगावर कीटकनाशक कधीही चोळू नये. लहान मुलाच्या तोंडात पिसू गेली तर तिच्यातून पट्टकृमी पोटात जाऊ शकतो. म्हणून जनावरासोबत लोळणाऱ्या मुलांकडे लक्ष ठेवा.

जनावर : मांजर किंवा कुत्रा बारीक फणीने विंचरा आणि फणी दर वेळी साबणाच्या पाण्यात बुडवा. मानेवर टाकायचे फिप्रोनिलसारखे औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारून, वजन सांगून घ्या. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कुत्र्यासाठी मिळणारे परमेथ्रिनचे औषध मांजरीला विषासारखे आहे, त्याने मांजर मरते. अगदी लहान पिलांना औषध न लावता फणीच फिरवावी. रॉकेल तर कोणत्याच जनावराला लावू नये.

घर : गोधड्या, चादरी, पायपुसणी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. खाटेखाली, कपाटामागे आणि कोपऱ्यात रोज झाडा. निघालेला कचरा घरातल्या डब्यात न ठेवता साबणाच्या पाण्यात टाका. व्हॅक्यूम मिळत असेल तर फारच उत्तम, कारण त्याच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवाही बाहेर येतात. फरशीच्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवा. त्यावर फवारणी करायची असेल तर मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन असलेले औषध मागा. ही औषधे अंडी आणि अळ्यांची वाढ रोखतात.

एवढे करूनही दोन-तीन आठवडे नव्या पिसवा दिसतील. त्या जुन्या कोषांतून निघालेल्या असतात. पुष्कळ लोक इथेच औषध नकली म्हणून सफाई सोडून देतात आणि उपद्रव पुन्हा सुरू होतो. झाडणे आणि धुणे चालूच ठेवा.

बकऱ्यांचे दिवस

बकरी ईदच्या आधी पुष्कळ घरांत आणि इमारतींच्या आवारात बकरे बांधले जातात. बकऱ्यांवरही पिसवा असतात. बकरे राहण्याच्या खोलीपासून दूर बांधा, खालचा ओला चारा आणि लेंड्या रोज काढा. कुर्बानीच्या जनावरावर मात्र परस्पर कोणतीही पावडर मारू नका. औषधाचा अंश गोश्तात उतरू शकतो. डॉक्टरांना कुर्बानीची तारीख सांगूनच इलाज करा. ईद झाल्यावर ती जागा धुवून कोरडी करा, नाहीतर जनावर गेले तरी पिसवा मागे राहतात.

गोदामात क्रम चुकवू नका

पिसू कापड खात नाही. पण गाठींच्या आणि चिंधीच्या ढिगात उंदीर घर करतो आणि त्याच्या अंगावरची पिसू त्याच्यासोबत येते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्याची पहिली ओळख गोदामांच्या मांडवी भागातच पटली. १८९८ मध्ये पॉल लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखवले की हा रोग उंदरावरच्या पिसवा पसरवतात. उंदीर मरून थंड पडला की पिसवा त्याचे अंग सोडतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात.

यातून व्यापाऱ्याने घ्यायचा धडा सरळ आहे. आधी पिसवांचे औषध उंदरांच्या बिळांत आणि वाटांवर मारा, मगच उंदीर मारा. उलट केले तर मेलेल्या उंदरांच्या पिसवा तुमच्या हमालावर आणि कारागिरावर येतील. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. एकाएकी पुष्कळ उंदीर मेलेले दिसले किंवा पिसवा चावल्यानंतर कुणाला ताप आला, जांघेत अथवा काखेत गाठ आली, तर लगेच डॉक्टर गाठा आणि नगरपालिकेला कळवा.

१९९४ चा सप्टेंबर आपल्या धंद्यातले लोक विसरलेले नाहीत. बीड जिल्ह्यात ग्रंथिक प्लेगची बातमी आली आणि पाठोपाठ सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची. सुरतेतला प्रकार खोकल्यातून पसरणारा होता. पण भीतीने लाखो लोक शहर सोडून गेले, कारखाने बंद पडले आणि परदेशांनी आपल्या मालाकडे संशयाने पाहिले.

गाठी फरशीवर न ठेवता फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचा, म्हणजे झाडू मागे जातो. चिंधी साठवू नका, आठवड्याला उचला. फवारणीपूर्वी कोरा माल झाका, नाहीतर तेलकट औषधाचे डाग पडतात. १९९७ पासून बंदी असलेली बीएचसीची जुनी पुडी किंवा शेतीची औषधे वापरू नका. आणि कारागिरांना निजायला चिंधीचा ढीग न देता कोरडी जागा व धुता येईल अशी चादर द्या. हा खर्च खात्यात वेगळा दिसला तरी त्याची वसुली रोजच्या कामातून होते.