नडगीवर जुना व्रण

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत खापरपणजोबांचं नाव सापडेल. पण त्यांची उंची? नडगीवरचा व्रण? तेवढं हवं असेल, तर पूर्वज फिजीला गेलेला असावा लागतो!

1879 ते 1916 या काळात साठ हजारांवर भारतीय मजूर पाच वर्षांच्या करारावर पॅसिफिकमधल्या या बेटांवर ऊस तोडायला गेले. ‘अ‍ॅग्रीमेंट’चं तोंडातोंडी झालं ‘गिरमिट’, आणि माणसं झाली ‘गिरमिटिये’. प्रत्येकाच्या नावे एक छापील पास: बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, फूट-इंचांत उंची आणि अंगावरची खूण. फोटो नव्हता, म्हणून व्रण. कारकुनाने उरकून टाकलेली ही ओळ आज पणतवंडं डोळ्यांत पाणी आणून वाचतात.

असा पास शोधताना जहाजाचं नाव आणि पास नंबर हाताशी असेल तर निम्मी लढाई जिंकलीच. आडनावाच्या मागे मात्र लागू नका. पासवर बहुधा ते नसतंच. पुढे बापाचं नावच मुलांचं आडनाव झालं. त्यात साहेबी स्पेलिंग, म्हणजे एकाच माणसाची तीन नावं!

गावापेक्षा ठाणं बघा. रामपुरं पन्नास निघतील, ठाणं एकच. जिल्हेही जागचे हलतात. सर्वांत जास्त माणसं गेली उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातून. पण त्याच बस्तीतून 1988 मध्ये सिद्धार्थनगर वेगळा निघाला. फैजाबाद शोधाल, तर 2018 पासून पाटीवर अयोध्या. आणि मुंबई बंदरात चकरा मारू नका: जहाजं सुटली कलकत्त्याहून, 1903 पासून मद्रासहूनही.

उतरल्यावर फिजीची राजधानी सुवाजवळच्या नुकुलाऊ बेटावर क्वारंटाइन. (फिजीतल्या 2000 च्या बंडाचा म्होरक्या जॉर्ज स्पाइट याला नंतर याच बेटावर कोंडलं होतं. बेटाच्या नशिबी कोंडवाडाच!)

पास सुवाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. इतिहासकार ब्रिज लाल, स्वतः एका गिरमिटियाचे नातू, यांनी कलकत्त्याहून गेलेल्यांचे पंचेचाळीस हजार पास एकेक करून संगणकात घातले.

पणजीचा पास मिळाला तर ‘लग्न कुणाशी’ हा रकाना आधी वाचा. नाव असेल तर नवऱ्याचा पास त्याच जहाजात शोधा. कोरा असेल तर दचकू नका. लाल यांच्या मोजणीत निम्म्याहून जास्त बाया एकट्याच निघाल्या होत्या.