‘चाकण’ टाकून बघा

सकाळी पावणेआठ

पिंपरी-भोसरीतल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्यामुळे गुरुवारी आमच्या वाचनालयाचं कुलूप निघायच्या आतच पायरीवर मंडळी उभी असतात. रात्रपाळी संपवून थेट आलेला एखादा डबा पायाशी ठेवून शब्दकोड्याला बसतो. अभ्यासिकेतली मुलं वेगळ्या दारानं येतात. त्यांना आमच्या पुस्तकांशी काही कर्तव्य नाही; खुर्ची, पंखा आणि वायफाय चालू असला की झालं.

काउंटर आज सहायकाकडे. कपाटातले कागद संगणकावर कशात ठेवायचे, ते मला आज ठरवायचंय. संध्याकाळी कार्यवाहांना उत्तर हवंय.

सव्वाआठ

कपाट उघडलं. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांचा आग्रह आहे की आधी दुर्मिळ ग्रंथ स्कॅन करावेत, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या, चरित्रं वगैरे. त्यांचा मान राखून मी या आग्रहाला विरोध करते. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानं असे असंख्य ग्रंथ डीस्पेस या सॉफ्टवेअरवर कधीच खुले केले आहेत. या ग्रंथालयाचं मूळ १९०५ सालच्या भारत सेवक समाजापर्यंत जातं. त्यांच्याकडे जे आहे ते आपल्याकडे असणार नाही, आणि असलंच तर पुन्हा स्कॅन करण्यात काय हशील? राज्य मराठी विकास संस्थेनंही दुर्मिळ मराठी पुस्तकं जालावर ठेवली आहेत. आधी तिथे शोधावं.

आमच्याकडचं दुर्मिळ म्हणजे बहुतेकांना रद्दी वाटेल असं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली पिंपरीत आली, १९७० मध्ये चार गावांची नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं, १९८२ मध्ये महापालिका. एवढ्या घाईनं वाढलेल्या शहराचा इतिहास जाड ग्रंथांत कमी आणि पातळ कागदांत जास्त सापडतो. कारखान्यांच्या गृहपत्रिका, युनियनची पत्रकं, कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांच्या पुस्तिका, गणेश मंडळांच्या स्मरणिका, बंद पडलेली स्थानिक साप्ताहिकं, २०१६ च्या साहित्य संमेलनाची पत्रकं. हे गोखले संस्थेत मिळायचं नाही.

साडेदहा

एका कंपनीचा माणूस डेमो द्यायला आलाय. लॅपटॉप, प्रोजेक्टर, पानं उलटल्याचा आवाजसुद्धा. पडद्यावरचं पुस्तक खरोखर देखणं दिसतं. मी दोनच प्रश्न विचारते. पहिला: शोधपेटीत देवनागरीत ‘चाकण’ टाकून दाखवा. तो रोमन लिपीत टाकतो आणि म्हणतो, “मॅडम, पब्लिक असंच सर्च करतं.” दुसरा: उद्या आम्ही तुमचं सॉफ्टवेअर बंद केलं, तर आमच्या नोंदी आणि फायली कुठल्या स्वरूपात परत मिळतील? “त्याची काळजीच करू नका, आम्ही आहोत ना.” चहा पाजून निरोप दिला.

यानंतर मंडळाला एक गोष्ट पुन्हा समजावावी लागते. ग्रंथालयाचा कारभार चालवणारं कोहा किंवा ई-ग्रंथालय आणि कागद दाखवणारं हे सॉफ्टवेअर एक नव्हे. कोहा सांगतं पुस्तक कुठल्या फळीवर आहे, कुणी नेलंय, दंड किती झाला. आपल्याला हवंय ते खुद्द पान दाखवणारं. “मग दोन दोन कशाला?” असा प्रश्न आला. येणारच होता, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत प्रत्येक खर्चाला हा प्रश्न येतो आणि तो रास्तच आहे.

दुपारी बारा

वीज गेली. गुरुवार म्हणजे दुरुस्तीचाही वार. स्कॅनर थांबला, आम्ही खिडकीशी वही घेऊन हक्कांची यादी करतो.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून सर्वांचं. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले. १ जानेवारी २०३० पर्यंत थांबायचं. लेखकाचं नाव नसलेल्या पत्रकाला छापल्यापासून साठ वर्षं. म्हणजे आमच्या कपाटातलं निम्म्याहून जास्त अजून बंधनात आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं एक वाट मोकळी केली: ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. पण कायदा ठेवा म्हणतो. जगाला वाटा असं म्हणत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरला कुलपं हवीत: हे सर्वांना, हे फक्त वाचनालयातल्या संगणकावर, हे अमुक तारखेनंतर आपोआप खुलं.

दोन

वीज आली. आमचा एक सभासद चाकणच्या कारखान्यात मशीनची देखभाल करतो. आज त्याची सुट्टी. त्यानं जुन्या संगणकावर लिनक्स चढवून ग्रीनस्टोन, ओमेका आणि डीस्पेस हे तिन्ही उमेदवार मांडलेत.

ग्रीनस्टोन न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठाचं, युनेस्कोच्या मदतीनं पसरलेलं. इंटरनेट नसलं तरी चालतं, एकेकाळी संग्रह सीडीवर घालून वाटता यायचा. शाळेसाठी मी आजही तेच सुचवीन, पण आता त्यावर काम करणारी माणसं आसपास सापडत नाहीत. ओमेका अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातलं, २००८ चं. साध्या भाड्याच्या होस्टिंगवर बसतं, प्रदर्शन मांडायला सुरेख. छायाचित्रांचाच संग्रह असता तर मी डोळे मिटून तेच घेतलं असतं.

डीस्पेस एमआयटी आणि एचपी यांनी २००२ साली आणलं. ते जड आहे. जावा, टॉमकॅट, पोस्टग्रेस, सोलर, आणि सातव्या आवृत्तीपासून पुढचा पडदा चालवायला वेगळी यंत्रणा. जुना संगणक धापा टाकायला लागला. “ताई, याला सर्व्हर भाड्यानं घ्यावा लागेल, हा डबा पुरणार नाही,” असं तो म्हणतो आणि ते खरंय.

चार

आजचा खरा तास हा.

एका स्मरणिकेची पानं टेसरॅक्ट या ओसीआरकडून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या आज्ञावलीकडून, वाचून घेतली. ऑफसेटची छपाई बरी वाचली गेली. खिळ्यांच्या छपाईत तुटलेल्या मात्रांनी घोळ घातला. त्याहून मोठा घोळ १९९० नंतरच्या अंकांचा. ते संगणकावरच जुळवलेले, पीडीएफही तयार मिळाल्या, आम्ही खूश. पण अक्षरं श्री-लिपीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं, आतला मजकूर काढला की डॉलर, टक्के, कंस आणि रोमन अक्षरांचा चिवडा. अशा पीडीएफची चित्रं करून पुन्हा ओसीआर करायचं किंवा फॉन्ट बदलून घ्यायचा. तयार फाइल मिळाली म्हणजे काम झालं, असं समजू नये.

मग शोध. ‘चाकण’ टाकलं, काही नाही. मजकुरात ‘चाकणला’, ‘चाकणच्या’, ‘चाकणहून’ आहे. आमच्या विभक्ती या शोधयंत्राला कुणी शिकवलेल्या नाहीत. शेवटी तारा लावून ‘चाकण*’ टाकलं, तेव्हा सगळे धावत आले. छान. आता ‘संप*’. आले ते संपादक, संपर्क, संपत्ती आणि संपूर्ण. खरा संप तिसऱ्या पानावर. ‘पाणी*’ टाकून ‘पाण्याचा’ येत नाही, ते वेगळंच.

‘कर्मचाऱ्यांना’ हा शब्द तर दोनदा छळतो. कुणी त्यातला र नुक्त्याच्या ‘ऱ’नं टंकलेला असतो, कुणी साध्या ‘र’पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दोन वेगळे शब्द दिसतात. चढवण्याआधी सगळा मजकूर एकाच पद्धतीचा करणारी छोटी आज्ञावली त्या सभासदानं तिथल्या तिथे लिहिली.

चिंचवडच्या क्रांतिकारक बंधूंचं आडनाव निम्म्या कागदांवर चापेकर, निम्म्यांवर चाफेकर. एक रूप अधिकृत ठरवून दुसरं पर्याय म्हणून नोंदवायचं. तारखांचंही तसंच. शके १९०० ची दिवाळी १९७८ सालची, पण त्याच शकातला माघ १९७९ मध्ये पडतो. ७८ मिळवून मोकळं होता येत नाही.

हे पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं. तिन्हींपैकी कुठलंही घेतलं तरी मराठी शोध अर्धवटच चालणार. उरलेला अर्धा ग्रंथपालानं भरायचा: प्रत्येक पत्रकाला विषयाच्या रकान्यात ठरलेल्या यादीतला शब्द हातानं द्यायचा. संप, टाळेबंदी, बोनस, वसाहत, नाटक, भजनी मंडळ. स्कॅनिंगचं काम बाहेर देता येईल. हे काम देता येणार नाही, आणि कोटेशनमध्ये त्याला रकाना नसतो.

साडेपाच

एक निवृत्त कामगार कापडी पिशवी घेऊन आले. आत युनियनची पत्रकं, घडीवर झिजलेली. “मॅडम, टाका की नेटवर सगळं.”

एका पत्रकात निलंबित कामगारांची नावानिशी यादी आहे, कुणावर काय ठपका तेही. मी म्हटलं, “काका, स्कॅन नक्की करू. पण हे पान खुलं ठेवणार नाही. वाचनालयात येऊन बघता येईल.”

“का? आम्ही काय चोऱ्या केल्या? संपावर होतो.”

“तुमचं ठीक आहे हो. बाकीच्यांना कोण विचारणार? त्यांची नातवंडं नोकरीला असतील, नाव टाकलं की हे वर येणार.”

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “माझं नाव तेवढं उघडं ठेवा.” त्यासाठी अर्ज लिहून घेतला.

साडेसात

कार्यवाहांना सांगितलं: डीस्पेस, भाड्याच्या सर्व्हरवर. ते सर्वांत सोपं नाही, सर्वांत सुंदरही नाही. पण विद्यापीठांच्या प्रबंधांचं शोधगंगा त्यावर चालतं, ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक त्यावर होतं. मी निवृत्त झाल्यावर या खुर्चीत येणाऱ्या माणसाला ते आधीपासून येत असेल. हवी तशी कुलपंही त्यात आहेत. कायमच्या पत्त्यासाठी हँडलचा क्रमांक पहिल्याच दिवशी रीतसर घ्यायचा. कित्येक डीस्पेसच्या पत्त्यात अजून १२३४५६७८९ दिसतं. तो नमुन्यादाखल दिलेला आकडा आहे, कुणी बदललाच नाही.

ए-फोर आकाराचं एक पान ३०० डीपीआयनं रंगीत स्कॅन केलं की दाबून लहान न करता सुमारे २६ एमबी होतं, शंभर पानांची स्मरणिका अडीच जीबीच्या वर. या मूळ फायली आणि नोंदींचा तक्ता सर्व्हरशिवाय दोन डिस्कवर राहील. एक डिस्क इथे, दुसरी दुसऱ्या इमारतीत.

वाचकांना एकच विनंती. माळ्यावर जुनी गृहपत्रिका, युनियनचं पत्रक, नाटकाचं हस्तपत्रक असेल तर आमच्या वाचनालयात घेऊन या. स्कॅन करून मूळ कागद तुमचा तुम्हाला परत मिळतो. फक्त आणण्याआधी चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका.