ज्युलिएटबद्दल वाईट वाटतं, पण कशावरून?

‘नाटककार नायिकेबद्दल सहानुभूती निर्माण करतो’ असं वाक्य सेमिनारमध्ये वाचलंत, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कशावरून? मला वाईट वाटलं, हे उत्तर तिथे चालत नाही.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. कंट्रोल नसेल तर प्रयोगाच्या निष्कर्षाला अर्थ नसतो, हे आमच्या अंगवळणी पडलेलं असतं. नाटकात कंट्रोल कुठून आणायचा? कधी कधी तो आयता मिळतो. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ लिहिताना शेक्सपिअरसमोर आर्थर ब्रुकचं 1562 सालचं दीर्घ इंग्रजी काव्य होतं. कथा तीच, शेवटही तोच. मग त्याने काय बदललं, ते तपासू या.

पहिला बदल वयाचा. ब्रुकची ज्युलिएट सोळाच्या आसपासची आहे, शेक्सपिअरची अजून चौदाचीही नाही. दुसरा बदल काळाचा. ब्रुकच्या कथेत काही महिने जातात आणि लग्नानंतर या दोघांना बराच काळ चोरून भेटता येतं. नाटकात सगळं जेमतेम चार-पाच दिवसांत उरकतं आणि संसाराच्या नावावर तिच्या वाट्याला एकच रात्र येते. तिसरा बदल दृष्टीचा. ब्रुक प्रस्तावनेत या प्रेमिकांना आईवडिलांचं न ऐकणारे म्हणून दोष देतो, जरी त्याचं काव्य स्वतः तितकं कठोर नाही. शेक्सपिअरच्या सुरुवातीच्या निवेदनात मात्र दोन घराण्यांचं वैर पुढे येतं.

आता नाटकाच्या आतला पुरावा बघा. पहिल्या अंकात बापच पॅरिसला सांगतो, पोर लहान आहे, अजून दोन वर्षं थांबा. तिसऱ्या अंकात तोच बाप काही दिवसांत लग्न लावायला निघतो आणि ती नाही म्हणाली, तर घराबाहेर काढायची धमकी देतो. त्यानंतर आई हात झटकते. उरते दाई. ती म्हणते, पॅरिसशी लग्न करून टाक. एकाच प्रवेशात तीन मोठी माणसं एकामागून एक तिला सोडून जातात. ती एकटी आहे, असं कुणी सांगावं लागत नाही. आपण तिला एकटी पडताना बघतो.

त्याच अंकात ती उत्सुकतेने रात्रीची वाट बघत असते. रोमिओने टिबाल्टला मारलंय आणि त्याला हद्दपार केलंय, हे आपण आधीच्याच प्रवेशात पाहिलेलं असतं. तिला ते ठाऊक नसतं. तिचा आनंद आपल्याला बघवत नाही, तो या माहितीच्या फरकामुळे.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, औषध घेण्याआधीचं तिचं भीतीचं स्वगत. ते वाचून ‘ही शेक्सपिअरची कल्पना’ असं लिहायचा मोह होतो. पण तशी भीती ब्रुकच्या ज्युलिएटलाही वाटते. मूळ न वाचता केलेलं विधान एका प्रश्नात कोसळतं. दोन, ‘सहानुभूतीसाठीच वय कमी केलं’ हे विधान. त्या काळी स्त्रीभूमिका मुलगेच करत. वय कमी करण्यामागे तेही कारण असू शकेल. हेतू सिद्ध करता येत नाही, परिणाम दाखवता येतो. म्हणून ‘वय कमी केल्याने बापाचा निर्णय अधिक क्रूर वाटतो’ इतकंच लिहा. विधान छोटं झालं, पण आता ते तुम्हाला राखता येईल.

सराव करायचा असेल, तर गोविंद बल्लाळ देवलांचं ‘झुंझारराव’ घ्या. ते ‘ऑथेल्लो’वरून केलेलं आहे. डेस्डिमोना आणि कमळजा यांचे प्रवेश शेजारी ठेवून वाचा आणि दोन रकाने आखा: काय तसंच राहिलं, काय बदललं. वाईट कुठे वाटलं, ते त्यानंतर लिहा.